गोचीड अंगावर, संकट घरावर

अलिबागहून मुरुडकडे निघाले, रेवदंड्याची खाडी ओलांडली, कोर्लईचा डोंगर मागे टाकला की थोड्याच वेळात काशीदचा पांढऱ्या वाळूचा किनारा दिसू लागतो. सुट्टीच्या दिवशी येथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. मुले आधी पाण्याकडे धावतात आणि पाण्यातून बाहेर आली की घोड्याकडे. रंगीत गोंडे लावलेला, आयाळ विंचरलेला घोडा त्यांना पाठीवर घेऊन किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. मूल खूश, आईबाप खूश, घोडेवाल्याच्या हातात चार पैसे.

या आनंदात एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. घोड्याच्या कानाच्या आत, आयाळीच्या मुळाशी, जांघेत आणि शेपटीखाली वाटाण्याएवढे करडे दाणे चिकटलेले असतात. तेच गोचीड. गोचीड कोणाला माहीत नाही? एखादा माणूस पाठ सोडत नसला की आपण ‘गोचिडासारखा चिकटलाय’ असे म्हणतो. गाईच्या कासेला चिकटून दूध सोडून रक्तच पिणाऱ्या गोचिडाचा दृष्टान्त कीर्तनातही ऐकलेला असतो. परिचय इतका जुना आहे म्हणूनच आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. ‘जनावर म्हटले की गोचीड असायचेच’ असे म्हणून विषय संपवतो.

आरोग्याच्या या सदरात आज घोड्या-गाढवांचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याला तीन कारणे आहेत. पहिले, ज्या घराची चूल घोड्याच्या कमाईवर पेटते, त्या घरात घोडा आजारी पडणे हे घरातला कर्ता माणूस आजारी पडण्यासारखेच आहे. दुसरे, एकाच वाडीत, एकाच कुरणात घोडा आणि गाई-बैल असतात आणि गोचीड दोघांतही वावरतात. तिसरे, काही प्रकारचे गोचीड माणसालाही चावतात आणि आजार देतात. गोठ्याचे आरोग्य आणि घराचे आरोग्य यांच्यामध्ये एक कुडाची भिंत असते, आणि गोचिडाला ती भिंत अडवू शकत नाही.

गोचीड आहे तरी काय?

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी आणि विंचू यांच्या कुळातला, आठ पायांचा जीव. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. राईच्या दाण्याहून लहान अशी ही पिल्ले गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय उंचावून बसतात. गोचिडाच्या पुढच्या पायांवर एक बारीक इंद्रिय असते. त्याने त्याला जनावराच्या श्वासाचा, घामाचा आणि उबेचा सुगावा लागतो. जनावर गवताला घासून गेले की गोचीड अंगावर.

पिल्लू, मधली अवस्था आणि पूर्ण वाढलेला गोचीड अशा तिन्ही अवस्थांत त्याला रक्त लागते. काही जाती तिन्ही अवस्था एकाच जनावरावर काढतात, आपल्या गाई-बैलांवर सर्रास दिसणारी ‘बूफिलस’ ही त्यातली. काही जाती एका अवस्थेनंतर खाली उतरतात, कात टाकतात आणि दुसरे जनावर गाठतात. ‘हायलोमा’ या जातीचे गोचीड या प्रकारात मोडतात. असे खाली उतरणे आणि नव्या जनावरावर चढणे हेच रोगप्रसाराला सोयीचे ठरते.

रक्त पिऊन फुगलेली मादी शेवटी जमिनीवर गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, दगडाखाली किंवा गव्हाणीच्या फटीत हजारोंनी अंडी घालून मरते. पिल्ले खाण्यावाचून कित्येक आठवडे, कधी काही महिने तग धरतात. म्हणून जनावराच्या अंगावरचे गोचीड काढले आणि तबेला तसाच ठेवला, तर पंधरा दिवसांत पुन्हा मूळपदी.

एक मादी पूर्ण फुगेपर्यंत साधारण अर्धा ते दोन मिलिलिटर रक्त पिते. अंगावर अशा शंभर माद्या असल्या तर पन्नास ते दोनशे मिलिलिटर रक्त गेले. घोडा वाळत जातो, केस राठ होतात, धाप लागते. मालक म्हणतो, ‘खुराक कमी पडतोय.’ खुराक कमी पडत नसतो, तो वाटेतच कोणीतरी खात असतो.

शोध शंभर वर्षांहून जुना

गोचीड केवळ रक्तच पितो असे पूर्वी डॉक्टरही समजत. अमेरिकेत दक्षिणेकडची गुरे उत्तरेकडे नेली की उत्तरेची गुरे लाल लघवी होऊन पटापट मरत. दक्षिणेची गुरे मात्र दिसायला धडधाकट असत. थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न या शास्त्रज्ञांनी १८९३ मध्ये दाखवून दिले की या तापाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत असतो आणि तो एका जनावरातून दुसऱ्यात गोचीड नेतो. डासांमुळे हिवताप पसरतो हे सिद्ध होण्याच्या आधीची ही गोष्ट. पुढे १९०६ पासून अमेरिकेने गुरांना औषधी पाण्याच्या हौदातून काढण्याची मोहीम चालवली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सरहद्दीवरची पट्टी वगळता तो गोचीड हटवला. चिकाटी धरली तर गोचीड हटतो, हा यातला धडा.

घोड्याचा गोचीडताप

घोडा, गाढव आणि खेचर यांना गोचिडापासून होणारा मुख्य आजार म्हणजे ‘पायरोप्लाझ्मोसिस’. आपण त्याला घोड्याचा गोचीडताप म्हणू. ‘थायलेरिया इक्वी’ आणि ‘बबेशिया कॅबाली’ असे दोन सूक्ष्म परजीवी त्याला कारणीभूत आहेत. हिवतापाच्या जंतूंचे हे दूरचे भाऊबंद. तेही तांबड्या रक्तपेशीत शिरून वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. पेशी फुटल्या की रक्त कमी होते, कावीळ होते, आणि फुटलेल्या पेशींतला लाल रंग लघवीतून बाहेर पडतो.

गोचीड चावल्यापासून साधारण दहा दिवस ते महिन्याच्या आत लक्षणे दिसू लागतात. घोडा तोबऱ्याला तोंड लावत नाही. मान खाली घालून उभा राहतो. अंग तापते. निरोगी घोड्याचे तापमान ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते, या आजारात ते १०४ च्या वर जाते. हिरड्या आणि पापणीची आतली बाजू एरवी गुलाबी असते, ती फिकी पडते किंवा पिवळी दिसते. पायांवर व पोटाखाली सूज येते. लीद कमी आणि कोरडी होते, कधी पोटात दुखते. लघवी गडद तांबडी किंवा कॉफीसारखी होते. गाभण घोडी गाभडते, किंवा जंतू पोटातच शिंगराला लागून ते जन्मतःच आजारी निपजते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. फार दौडवल्यानंतर स्नायूंना इजा झाली तरी घोड्याची लघवी काळपट होते. कारण कोणतेही असो, लघवीचा रंग असा दिसला की घोडा तेथेच थांबवावा आणि पशुवैद्यांना बोलवावे. ‘चालवला की मोकळा होईल’ म्हणून त्याला फिरवत बसू नये.

दुसरा असाच फसवणारा आजार म्हणजे ‘सर्रा’. यातही ताप येतो-जातो, रक्त कमी होते, पोटाखाली सूज येते आणि खात असूनही घोडा खंगतो. पण तो गोचिडाने पसरत नाही, मोठ्या चावऱ्या गोमाश्यांनी पसरतो. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या घोड्या-उंटांच्या रक्तात त्याचा जंतू शोधला. हा जंतू माणसाला बाधत नाही असेच मानले जाई, पण २००४ मध्ये आपल्याच राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला आणि जगभरच्या तज्ज्ञांचे लक्ष तिकडे गेले. अशी घटना अतिशय दुर्मिळ. सांगण्याचा हेतू इतकाच की दोन्ही तापांची औषधे वेगवेगळी आहेत. रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय नुसत्या अंदाजाने सुई टोचली तर पैसा जातो आणि घोडाही. रक्ताचा नमुना ताप चढलेला असताना आणि औषध देण्यापूर्वी घ्यावा लागतो.

बरा झालेला घोडा खरेच बरा असतो का?

या आजाराची सर्वांत अवघड बाजू येथे आहे. ताप उतरला, घोडा खाऊ लागला, मालक निर्धास्त झाला, तरी जंतू रक्तात थोड्या प्रमाणात दडून राहतात. बबेशियाचे जंतू काही वर्षे राहू शकतात. थायलेरियाचे तर बहुधा जन्मभर. असा घोडा दिसायला चांगला असतो, पण त्याला चावलेला गोचीड जंतू घेऊन दुसऱ्या घोड्याकडे जातो. आणि घोड्यावर कामाचा ताण पडला, खुराक तुटला किंवा दुसरा आजार झाला, की दडलेले जंतू पुन्हा डोके वर काढतात.

आता काशीदसारख्या ठिकाणाचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात समुद्र खवळतो, पर्यटक रोडावतात, घोड्याला काम नसते. तो गवतात चरतो. नेमके तेच दिवस गोचिडांना उबदार ओल मिळण्याचे आणि वाढण्याचे. मग दिवाळी येते, नाताळ येतो, गर्दी लोटते. चार महिने बसून असलेल्या घोड्यावर एकदम दिवसभराच्या फेऱ्या येतात. पावसाळ्यात घेतलेल्या जंतूंची वसुली हंगामात होते, ऐन कमाईच्या दिवसांत घोडा आडवा होतो. ‘घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा ओझे आणि हेलपाटे हे निमित्त असते, घोडा आधीच आतून पोखरलेला असतो.

म्हणून घोडेवाल्याने गोचिडांची मोहीम दिवाळीत नव्हे, तर पहिल्या पावसाबरोबर सुरू करावी. हंगाम सुरू होण्यापूर्वी पशुवैद्यांकडून एकदा घोड्याची तपासणी करून घ्यावी आणि पहिले आठ-दहा दिवस काम हळूहळू वाढवावे.

मुके गाढव, मुका आजार

रेती, विटा, माती वाहणाऱ्या गाढवाची दखल तर कोणीच घेत नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे १ लाख २० हजारांवर आली. घोडे आणि तट्टेही सव्वासहा लाखांवरून साडेतीन लाखांच्या खाली आले. जी उरली आहेत ती बहुधा अगदी गरीब घरांची आहेत.

गाढव सोशिक प्राणी. गोचीडतापाचे जंतू अंगात असूनही ते बहुतेक वेळा काम करीत राहते. दुखणे दाखवत नाही. त्यामुळे ते स्वतः झिजते आणि शेजारच्या घोड्यांसाठी जंतूंचे कोठार बनते. गाढव नेहमीपेक्षा मंद झाले, कान पाडून कोपऱ्यात उभे राहिले, चारा तोंडात धरून चघळत नुसतेच उभे राहिले, तर ते ‘आळशी झाले’ असे समजू नये. गाढवाच्या बाबतीत एवढेही पुष्कळ मोठे लक्षण असते.

गोचीड येतात कोठून?

काशीदच्या पाठीशी फणसाडचे जंगल आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे राखीव रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. जंगलाच्या कडेला जेथे रानटी जनावरे आणि गावची गुरे एकाच गवतातून, एकाच पाणवठ्यावरून जातात, तेथे गोचिडांची देवाणघेवाण होतेच. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणारे मेंढपाळ मेंढ्यांबरोबर ओझ्याची तट्टेही आणतात. शेतात मेंढ्या बसवल्या की शेताला खत मिळते, हे चांगलेच. पण त्या कळपावरचे गोचीड गावात उतरू शकतात आणि गावचे गोचीड घाटावर जाऊ शकतात.

तिसरी वाट बाजाराची. घोड्यांसाठी सारंगखेडा आणि माळेगाव, गाढवांसाठी जेजुरी आणि मढी या आपल्या राज्यातल्या नावाजलेल्या यात्रा. वेगवेगळ्या मुलखांतली जनावरे तेथे दावणीला शेजारी शेजारी बांधली जातात. जनावर घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, भोवरे पाहतो, कानात मात्र डोकावत नाही. नवे जनावर घरी आणल्यावर महिनाभर वेगळे बांधावे, पहिल्याच दिवशी त्याचे गोचीड काढावेत, रोज ताप पाहावा. जमल्यास रक्ताची तपासणी करून घ्यावी. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र याच कामासाठी आहे आणि तेथपर्यंत नमुना पोहोचवण्याची वाट पशुवैद्य सांगू शकतात. शर्यतीच्या घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात या तापाची तपासणी करतातच. मेरठच्या लष्करी अश्वकेंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०२५ मध्ये ‘रोगमुक्त कक्ष’ म्हणून जी मान्यता दिली, त्या रोगांच्या यादीत हा गोचीडताप आणि सर्रा दोन्ही आहेत. लष्कराला जे महत्त्वाचे वाटते ते आपल्या तबेल्यालाही लागू आहे.

शेजारच्या गोठ्याचे काय?

घोड्याच्या तापाचे जंतू गाईला होत नाहीत आणि गाईचे घोड्याला होत नाहीत. पण गोचिडांच्या काही जाती दोघांवरही बसतात, म्हणून एकाचा तबेला स्वच्छ आणि दुसऱ्याचा गोठा घाण असे चालत नाही. गुरांमध्ये गोचिडांमुळे मुख्यतः तीन आजार होतात. ‘बबेसिओसिस’मध्ये ताप आणि कॉफीसारखी लघवी. ‘थायलेरिओसिस’मध्ये मोठा ताप, मानेजवळच्या व खांद्यापुढच्या गाठी सुजणे, धाप लागणे आणि रक्त कमी होणे. ‘अनाप्लाझ्मोसिस’मध्ये ताप, बद्धकोष्ठ, कावीळ आणि झपाट्याने आटणारे दूध. संकरित जर्सी किंवा होल्स्टिन गाई, विशेषतः थायलेरिओसिसला, लवकर बळी पडतात. कोकणची लहान चणीची गावठी गाय त्या मानाने काटक. संकरित गाईंसाठी थायलेरिओसिसवर लस आहे, तिची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावी.

माणसाला किती धोका?

प्रथम दिलासा. घोड्यावर बसल्याने घोड्याचा गोचीडताप माणसाला होत नाही. पण गोचिडांमुळे माणसाला होणारे दोन आजार आपल्या परिसराला अगदीच परके राहिलेले नाहीत.

पहिला माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा छडा लावला. तो रानातल्या गोचिडांच्या चाव्यातून होतो. २०१६ मध्ये तो आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. तो रायगडात आहे असा याचा अर्थ नाही. पण रानात जाणाऱ्याने अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर अंग तपासावे, आणि माकड मेलेले दिसले तर हात न लावता वनखात्याला व आरोग्य केंद्राला कळवावे, हे कोकणात सगळीकडे लागू आहे.

दुसरा क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप. आपल्या देशात तो २०११ मध्ये प्रथम गुजरातमध्ये आढळला. गुजरातच्या सरहद्दीलगत असल्यामुळे पालघर जिल्हा प्रशासनाने २०२० मध्ये त्याबाबत सावधगिरीचा इशारा दिला होता. हायलोमा गोचिडाचा चावा, तसेच बाधित जनावराचे रक्त यांतून तो माणसाला होतो आणि जनावर मात्र आजारी दिसत नाही. म्हणून गोचीड नखाने किंवा बोटांत धरून चिरडण्याची आपली सवय सोडली पाहिजे. काढलेला गोचीड साबणाच्या किंवा रॉकेलच्या डब्यात टाकावा. जनावरांचे काम करताना हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी.

माणसाच्या अंगावर गोचीड दिसला तर चिमट्याने तो त्वचेच्या अगदी जवळ, तोंडाशी धरावा आणि पिळ न देता सरळ ओढून काढावा. विडीचा चटका, चुना, पेट्रोल असे प्रकार करू नयेत. त्याने गोचीड त्रासून पोटातला मजकूर जखमेत ओकण्याची भीती असते. जागा साबणाने धुवावी. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘गोचीड चावला होता’ हे आवर्जून सांगावे. हे एक वाक्य निदानाची वाट निम्म्याने कमी करते.

जाता जाता धनुर्वाताचीही आठवण ठेवावी. घोड्याच्या लिदीत त्याचे जंतू असतात. तबेल्यात काम करणाऱ्याने धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी, घोड्यालाही ती द्यावी.

औषधाची घोडचूक

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी दुकानात सहज मिळणाऱ्या औषधांत ‘अमित्राझ’ हे एक औषध आहे. गुरांना ते चालते. घोड्याला चालत नाही. शेजारच्या गोठ्यातली उरलेली बाटली आणून घोड्याला चोळली, तर घोडा सुस्तावतो, झोकांड्या खातो, त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते किंवा थांबते, लीद अडकते आणि पोटशूळ उठतो. त्यात घोडा दगावू शकतो. गोचिडाने जे वर्षभरात केले नसते ते औषध दोन दिवसांत करते. म्हणून बाटलीवर ‘अमित्राझ’ हे नाव असेल तर ती तबेल्यात आणूच नये. नाव वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे, दुकानदाराला ‘घोड्यासाठी हवे’ असे स्पष्ट सांगावे.

घोड्यासाठी वेगळी औषधे आहेत. ती कोणती, पाण्यात किती मिसळायची आणि किती दिवसांनी पुन्हा लावायची हे पशुवैद्य सांगतील. प्रमाण आपल्या मनाने वाढवू नये, तसेच बचत म्हणून कमीही करू नये. पातळ औषधाने गोचीड मरत नाहीत, ते त्या औषधाला सरावतात. जळके इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल असले काही अंगाला लावू नये, कातडी भाजते. करंजाचे तेल, कडुनिंबाचा पाला यांची थोडी मदत होते, पण त्यांच्या भरवशावर आजार थांबत नाही.

गोचीडताप झालाच तर त्याची इंजेक्शने आहेत, पण तीही जपून द्यावी लागतात. विशेषतः ‘इमिडोकार्ब’ हे औषध गाढवाला आणि खेचराला घोड्यापेक्षा अधिक बाधते. घोड्याचा डोस गाढवाला टोचणे जिवावर बेतू शकते. आणि एकाच सुईने चार जनावरांना टोचणे पूर्णपणे थांबवले पाहिजे. एका घोड्याचे दडलेले जंतू दुसऱ्याला द्यायला मग गोचिडाचीही गरज उरत नाही.

रोजच्या पंधरा मिनिटांचे काम

उपाय महागडे नाहीत. रोज संध्याकाळी खरारा करताना हात कानाच्या आत, जबड्याखाली, आयाळीच्या मुळाशी, पुढच्या पायांच्या बगलेत, तंगाच्या जागी, जांघेत आणि शेपटीखाली फिरवावा. गोचीड चिकटल्याबरोबर जंतू देतोच असे नाही, बहुतेक वेळा त्याला दोन-तीन दिवस तरी रक्त प्यावे लागते. म्हणजे रोज काढलेला गोचीड बहुधा निरुपद्रवी ठरतो. काढलेल्या जागेवर जखम राहू देऊ नये, माश्या बसून त्यात किडे पडतात.

तबेल्याच्या भिंतींच्या भेगा सिमेंटने किंवा मातीने लिंपाव्यात, वर्षातून दोनदा चुना मारावा. लीद आणि ओला पेंढा रोज उचलून लांब खड्ड्यात टाकावा. आवारातले वाढलेले गवत कापावे. दोन-चार कोंबड्या सोडल्या तर त्या जमिनीवरचे गोचीड टिपतात. मात्र औषध फवारल्यावर काही दिवस त्यांना दूर ठेवावे. खोगीर, झूल आणि खरारा ज्याचा त्याला वेगळा ठेवावा, आठवड्यातून एकदा उन्हात तापवावा. घरात एक तापमापक ठेवावा. तो गुदद्वारातून लावायला पशुवैद्यांकडून एकदा शिकून घेतले की घोडा बोलू लागल्यासारखे होते.

आणि हे काम एकट्याने करून भागत नाही. वाडीतल्या सर्व घोडेवाल्यांनी व गुरेवाल्यांनी एकाच आठवड्यात औषध लावले तरच गोचिडांचा साठा मोडतो. ग्रामपंचायतीने पुढाकार घेतला आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवले तर असे शिबिर एका दिवसात होते. मदतीसाठी पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक लक्षात ठेवावा.

पर्यटकांनाही दोन शब्द. घोडा घेण्यापूर्वी क्षणभर त्याच्याकडे पाहा. मान खाली, डोळे निस्तेज, अंगावर गोचीड असा घोडा असेल तर त्याच्यावर मुलाला बसवू नका. घोडेवाल्यावर ओरडूही नका. आपुलकीने सांगा, आणि जो आपला घोडा नीट राखतो त्याच्याकडे आवर्जून जा. चांगल्या घोड्याला गिऱ्हाईक मिळते हे कळले की बाकीचे आपोआप शिकतात.

या रविवारी काशीदला जाणार असाल तर घोड्याला गूळ नाही दिला तरी चालेल. आणि तुमच्या दारात घोडा, गाढव किंवा गाय असेल, तर आज संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी एकदा तिच्या कानात हात घालून पाहा. आजाराशी लढाई दवाखान्यात सुरू होते असे आपल्याला वाटते. या आजाराची लढाई तेथे, कानामागे, रोज संध्याकाळी जिंकायची असते.